वांग गालावर, केस हनुवटीवर: एका चेहऱ्याचं लेसर प्रकरण

बाई चौतीस वर्षांच्या, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका, एका मुलाची आई. घर नाशिक शहरात, शाळा सिन्नर तालुक्यात, रोजचं जाणं-येणं स्कूटीवर. गणपती झाल्यावर माझ्या त्वचारोगाच्या ओपीडीत आल्या त्या मागणी ठरवूनच: "सगळ्या चेहऱ्याला लेसर करून घ्यायचंय, मेमध्ये भावाचं लग्न आहे." (ओपीडीत वरचेवर दिसणाऱ्या अशा रुग्णांवरून हे प्रकरण रचलं आहे, कुणा एकीची ओळख त्यातून निघणार नाही.)

खरी अडचण त्या "सगळ्या चेहऱ्याला" या दोन शब्दांत होती. बाईंच्या लेखी तक्रार एकच, चेहरा खराब झालाय. तपासणाऱ्याला मात्र तिथे तीन वेगळ्या गोष्टी दिसत होत्या. गालांवर आणि वरच्या ओठावर वांग. हनुवटीवर आणि जबड्याखाली राठ, काळे केस. आणि तिसरी गोष्ट त्यांनी तक्रारीत धरलीच नव्हती: गालांवरची कायमची लाली, त्यात उमटलेल्या बारीक लाल रेघा आणि वांगाच्या मधोमध पांढरे ठिपके.

केसांची गोष्ट जुनी. बाविशीपासून हनुवटीवर केस येऊ लागले, पाळीही तेव्हापासून चाळीस-पन्नास दिवसांनी. आधी थ्रेडिंग, मग रोज सकाळी डबा भरून झाला की खिडकीशी उभं राहून चिमट्याने एकेक केस उपटणं. वांग आलं बाळंतपणानंतर. आईच्या गालावरही होतं, त्यामुळे घरात कुणी फारसं मनावर घेतलं नाही.

स्टाफरूममध्ये मात्र घेतलं. एका सहशिक्षिकेने एक ट्यूब सुचवली. ती बाईंनी पर्समधून काढून टेबलावर ठेवली, शेपटीकडून घट्ट गुंडाळत आणलेली, आत जेमतेम दोन दिवसांचं क्रीम उरलेलं. घटक वाचले: रंग उतरवणारं हायड्रोक्विनोन, त्वचेचा वरचा थर लवकर बदलणारं ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन हे स्टिरॉइड. पहिल्या महिन्यात चेहरा असा उजळला की शाळेत सगळ्या जणी विचारू लागल्या. दीड वर्ष ट्यूबमागून ट्यूब चालू राहिली. मध्ये बंद करून पाहिली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी चेहरा लालबुंद, आग, खाज, बारीक पुळ्या. परत लावली की शांत. "म्हणजे ती मला सूट होते ना?"

होत नव्हती. ही आग म्हणजे स्टिरॉइड सुटल्यावर त्वचेने केलेला ओरडा होता. वांगासाठी तीन औषधं एकत्र करण्याची कल्पना 1975 सालची, अमेरिकी त्वचारोगतज्ज्ञ अल्बर्ट क्लिगमन यांची. त्यात स्टिरॉइड होतं ते मुख्यतः इतर दोन औषधांनी होणारी जळजळ दाबायला. हे मिश्रण वाईट नाही. सौम्य स्टिरॉइड घालून, आठ-दहा आठवडे, डॉक्टरच्या नजरेखाली वापरलं तर वांगावर आजही ते हुकमी आहे. पण आपल्याकडे मोमेटासोनसारखं तेज स्टिरॉइड घातलेली मिश्रणं गोरेपणाचं क्रीम म्हणून खपली. भारतातल्या त्वचारोगतज्ज्ञांनी त्यातून बिघडणाऱ्या चेहऱ्याला वेगळं नावच दिलं, टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस. 2018 मध्ये सरकारने अशी अनेक स्टिरॉइड क्रीम शेड्यूल एचमध्ये टाकली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. या बाईंनी दीड वर्षात एकदाही चिठ्ठी दाखवली नव्हती.

क्रीम चालू असतानाच वांग परत गडद झालं, म्हणून शहरातल्या एका सेंटरमध्ये "लेसर टोनिंग"चं दहा सिटिंगचं पॅकेज घेतलं. दर आठवड्याला एक सिटिंग. क्रीम काय लावता, हे तिथे कुणी विचारलं नाही. चौथ्या सिटिंगनंतरचा फोटो मोबाइलवर होता आणि तो खरोखर छान होता. त्यानंतर रंग हळूहळू गडद होत गेला. "आधी काळं होतं, मग निघून जातं," असं तिथे सांगितलं गेलं. सातव्या सिटिंगनंतर पांढरे ठिपके दिसले आणि बाई थांबल्या. उरलेल्या तीन सिटिंगचे पैसे मात्र भरलेले होते.

तपासणी खिडकीच्या उजेडात केली. ट्यूबलाइटखाली वांग फसवतं. त्वचा गव्हाळ ते सावळी, फिट्झपॅट्रिकच्या मोजपट्टीत (गोऱ्यापासून गडदपर्यंत त्वचेचे सहा प्रकार) पाचव्या प्रकाराकडे झुकणारी. गालांवरचा रंग काठाकडे तपकिरी, मधे राखाडी. डर्मोस्कोपखाली, म्हणजे त्वचा पाहायच्या भिंगाखाली, तपकिरी जाळी दिसली, केसांच्या छिद्रांभोवती ती तुटलेली, आणि तिच्यामधून वेड्यावाकड्या लाल रक्तवाहिन्या. राखाडी छटा म्हणजे रंग थोडा खोल उतरलाय. तो भाग कोणत्याही क्रीमला हट्टी असतो. पांढरे ठिपके दोन-तीन मिलिमीटरचे, काठ स्पष्ट. हनुवटीवर चिमट्याने झालेले काळे डाग आणि त्वचेखालीच वळलेले चार-पाच केस.

केस अचानक आणि वेगाने वाढले असते, आवाज घोगरा झाला असता, डोक्याचे केस पुरुषी पद्धतीने मागे हटले असते, तर लेसरचा विषय बाजूला ठेवून आधी अंडाशय किंवा मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीतल्या गाठीचा शोध घ्यावा लागला असता. तसं काही नव्हतं. टेस्टोस्टेरॉन किंचित वर, थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन ठीक, साखर मधुमेहाच्या उंबरठ्यावर, सोनोग्राफीत पीसीओएसचं चित्र, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी लांबवणारा आणि चेहऱ्यावर केस आणणारा विकार. बारा वर्षं केस उपटणाऱ्या बाईला पाळीबद्दल नीट पहिल्यांदाच विचारलं जात होतं. पार्लर, मेडिकल, सेंटर, सगळीकडे केस हा केसांचाच प्रश्न होता.

आता लेसरकडे. आजच्या त्वचा-लेसरचा पाया 1983 साली अँडरसन आणि पॅरिश यांनी मांडला. नेम धरलेला भाग जी तरंगलांबी जास्त शोषतो ती निवडायची आणि प्रकाश इतक्या थोड्या वेळाचा द्यायचा की उष्णता शेजारी पसरायच्या आत काम झालेलं असावं. केसाच्या मुळासाठी हा वेळ मिलिसेकंदांत मोजतात. रंगाच्या सूक्ष्म कणासाठी तो नॅनोसेकंदांत, म्हणजे सुमारे दहा लाख पट कमी. त्यामुळे केसांचं मशीन आणि डागांचं मशीन बाहेरून सारखं दिसलं, दोन्हींवर 1064 ही एकच तरंगलांबी लिहिलेली असली, तरी एकाचं काम दुसऱ्याने होत नाही.

दोन्हींत नेम एकावरच असतो, मेलॅनिनवर. गोऱ्या त्वचेत काळा केस हे एकच ठळक लक्ष्य. सावळ्या त्वचेत वरच्या थरातही मेलॅनिन भरपूर, ते वाटेतच ऊर्जा खातं आणि भाजतं. म्हणून 755 नॅनोमीटरचं अलेक्झांड्राइट युरोपात लाडकं असलं तरी आपल्या गडद त्वचेवर मी 1064 नॅनोमीटरचं लाँग पल्स (मिलिसेकंदांचे शॉट देणारं) एनडी-याग लेसर पसंत करते. मेलॅनिन ते कमी शोषतं, खोल जातं, वरच्या थराला वाचवतं. बदल्यात बारीक केसांवर ते थोडं कमजोर पडतं. हा सौदा मला मान्य आहे.

वांगाचं गणित निराळं. टॅटूची शाई किंवा ओटाच्या डागातला (डोळ्याभोवती येणारा निळसर डाग, नेव्हस ऑफ ओटा) रंग तिथे साठून राहिलेला असतो. क्यू-स्विच्ड, म्हणजे नॅनोसेकंदांचे शॉट देणाऱ्या लेसरने तो फोडला की शरीर हळूहळू उचलून नेतं, आणि तिथे हे मशीन कमालीचं चांगलं काम करतं. वांगात रंग करणारी पेशीच चिडलेली असते. ऊन, हार्मोन, उष्णता, साध्या दृश्य प्रकाशातला निळा भाग, कशानेही ती परत रंग ओतते. टोनिंगमध्ये कमी ऊर्जेचे शॉट पुन्हापुन्हा देतात. साठलेला रंग फुटतो, चेहरा उजळतो, फोटो छान येतो. पेशी तशीच राहते, उष्णतेने कधी आणखी चिडते. सिटिंग फार जवळजवळ आणि फार जास्त झाल्या की काही ठिकाणी ती पेशी कामच सोडते आणि तिथे पांढरा ठिपका उरतो. या बाईंच्या गालावर दोन्ही एकत्र दिसत होतं, स्टिरॉइडने पातळ झालेल्या त्वचेवर.

म्हणून निर्णय असा घेतला: गालांवर आणि वरच्या ओठावर लेसर नाही, हनुवटीवर आहे, पण आज नाही. बाई नाराज झाल्या. "पण लेसरनेच तर उजळला होता." त्या चौथ्या सिटिंगच्या फोटोशी वाद घालणं कठीण असतं. मी सातव्या सिटिंगनंतरचा फोटो त्याच्या शेजारी धरला. काही वेळ त्या बोलल्या नाहीत. मग हिशोबाचा प्रश्न आला: उरलेल्या तीन सिटिंग वाया घालवायच्या का? गालावर त्या फुकट दिल्या तरी नकोत, एवढंच उत्तर माझ्याकडे होतं.

पहिले दोन महिने ट्यूब सोडवण्यात गेले. एकदम बंद केली असती तर चेहरा पेटला असता आणि बाई आठ दिवसांत त्याच मेडिकलमध्ये गेल्या असत्या. आधी सौम्य हायड्रोकॉर्टिसोनवर उतरवलं, मग दिवसाआड, मग स्टिरॉइड नसलेलं टॅक्रोलिमस मलम, सोबत साधं मॉइश्चरायझर. फेसवॉश, स्क्रब, ब्लीच, हळद-लिंबाचा लेप, सगळं बंद. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात व्हायचं ते झालंच, गालांवर पुळ्या उठल्या आणि फराळाला आलेल्या प्रत्येकीने उपाय सांगितला. सासूबाईंचं म्हणणं, डॉक्टरांनीच बिघडवलं. त्यांना एकदा सोबत बोलावून ट्यूबवरचं स्टिरॉइडचं नाव दाखवलं, तेव्हापासून घरची आघाडी शांत झाली.

सनस्क्रीन हा विषय मी लांबवते आणि त्याबद्दल माझी चेष्टाही होते. पण बाईंचा दिवस पाहा: सकाळचं स्कूटीवरचं ऊन, मैदानावर परिपाठ, दुपारी परतीचं ऊन. वर घट्ट गुंडाळलेला काळा स्कार्फ, जो गालांवर घासतो आणि आत उष्णता कोंडतो. साधं सनस्क्रीन अतिनील किरण अडवतं, दृश्य प्रकाश फारसा नाही. वांगासाठी आयर्न ऑक्साइड असलेलं, रंगाची छटा असलेलं सनस्क्रीन हवं. दोन बोटांवर काढलेल्या रेघांइतकं, चेहरा आणि गळ्याला मिळून. परिपाठाआधी एकदा आणि घरी निघताना परत. "शाळेत तोंडाला फासत बसू का?" हा त्यांचा प्रश्न रास्त होता. पर्समध्ये ट्यूबच्या जागी स्टिक आली, स्कार्फ सुती आणि सैल झाला.

आतली औषधं ठरवताना दोन्ही आजार एकमेकांच्या पायात आले. पीसीओएसमध्ये केसांसाठी आणि पाळीसाठी सहसा गर्भनिरोधक गोळ्या देतात. त्याच गोळ्या वांग वाढवतात. वांगासाठी ट्रॅनेक्झॅमिक अॅसिडची छोटी मात्रा द्यायची होती, 250 मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. ते औषध रक्ताची गुठळी टिकवून धरतं, म्हणून गुठळीचा धोका वाढवणारं इस्ट्रोजेन असलेल्या त्या गर्भनिरोधक गोळ्यांसोबत नको. स्त्रीरोगतज्ज्ञांशी फोनवर बोलून मार्ग काढला: इस्ट्रोजेन नाही, साखरेसाठी मेटफॉर्मिन आणि आहार, केसांसाठी पुरुषी हार्मोनला अडवणारं स्पायरोनोलॅक्टोन. स्पायरोनोलॅक्टोन चालू असताना गर्भ राहिला तर मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे गर्भनिरोध पक्का हवा. तो तांबीने झाला. पायात गुठळी, पक्षाघात, वारंवार गर्भपात, दृष्टीपुढे चमक येणारी अर्धशिशी, यातलं काही नाही याची खात्री करूनच ट्रॅनेक्झॅमिक सुरू केलं. पंधरा दिवसांनी बाईंनी ते स्वतःच बंद केलं. मेडिकलवाल्याने सांगितलं, "ताई, ही तर पाळीत जास्त रक्त जातं त्याची गोळी." त्याचं चुकलं नव्हतं. वांगासाठी हा वापर मूळ परवान्याबाहेरचा आहे, हे चिठ्ठी लिहितानाच सांगायची गोष्ट. समजावल्यावर गोळी परत सुरू झाली, सहा महिन्यांच्या मुदतीने.

हनुवटीची सुरुवात तुळशीचं लग्न झाल्यावर झाली. आधी जबड्याखाली, कानाकडच्या बाजूला दोन वेगळ्या ऊर्जांचे मोजके चाचणी शॉट. भाजलं तर दोन दिवसांत कळतं, काळं पडणार असेल तर दोन-तीन आठवडे लागतात, म्हणून तेवढं थांबलो. चिमटा महिनाभर आधीच बंद करवला होता. केस मुळासकट उपटला तर लेसरला नेम धरायला उरतं काय? त्याऐवजी रेझर. इथे बाईंनी खरा विरोध केला. रेझरने केस राठ होतात हे त्यांना आईने, पार्लरवालीने आणि मैत्रिणींनी सांगितलं होतं. कापलेल्या केसाचं टोक बोथट असतं म्हणून ते हाताला टोचतं, मुळाला रेझर लागल्याचं कळतही नाही.

सिटिंगच्या दिवशी सकाळी दाढी करून या, हे एका शिक्षिकेला सांगताना दोघींनाही हसू आलं. जागा पांढऱ्या पेन्सिलीने आखली, काळ्या पेन्सिलीचा रंगच ऊर्जा शोषून त्वचा भाजतो. डोळ्यांवर गॉगल, त्वचेवर थंड जेल, हँडपीसचं टोक थंडगार. शॉट बसला की रबर बँड सुटून लागावा तसा चटका आणि जळलेल्या केसाचा वास. दहा मिनिटांनी प्रत्येक मुळाभोवती मोहरीच्या दाण्याएवढी लाल सूज उठली, मुळांमधली त्वचा मात्र तशीच राहिली. हेच हवं असतं. मधली त्वचा राखाडी पडू लागली की हात तिथेच थांबवायचा, स्क्रीनवरचा आकडा काहीही म्हणो.

बाराव्या दिवशी फोन आला, "केस उलट वाढतायत." ते वाढत नव्हते, जळलेले तुकडे वर ढकलले जात होते. रुमालाने पुसल्यावर निघून आले.

जबड्याच्या कडेला, कानापर्यंत, बारीक तपकिरी लव होती. तीही काढा, असा आग्रह झाला. नकार दिला. अशा लवीवर कमी पडलेली ऊर्जा कधी कधी केस मारण्याऐवजी त्याला जागं करते, आणि लवीच्या जागी राठ केस येतात. चेहरा आणि मान, सावळी त्वचा, सोबत हार्मोनचा गोंधळ, हा धोका नेमका अशाच ठिकाणी जास्त. वरच्या ओठावर वांगाची सावली होती म्हणून तिथेही लेसर नाही, छोटा ट्रिमर.

पाच-पाच आठवड्यांच्या अंतराने लग्नाआधी पाच सिटिंग झाल्या. एका वेळी वाढीच्या अवस्थेतल्या केसांनाच लेसर लागू पडतं, म्हणून हे अंतर. घाई करून आठवड्याला शॉट मारले तरी झोपलेले केस झोपलेलेच राहतात. पाचव्या सिटिंगला रोजची दाढी पंधरवड्यावर आली होती आणि चिमट्याचे काळे डाग आपोआप फिकट झाले होते. केस कायमचे गेले असं मी लिहिणार नाही. अमेरिकेच्या औषध नियामकानेही 1998 मध्ये या मशीनना मान्यता देताना "कायमची घट" असेच शब्द वापरायला दिले, आणि पीसीओएसमध्ये नवी मुळं जागी होतच राहतात.

गालांची चाल मंद होती. लाली जानेवारीत ओसरली, तेव्हा डाग फिकट करणारं अझेलाइक अॅसिडचं क्रीम सुरू केलं, आधी दिवसाआड. मार्चअखेर काठाकडचा तपकिरी भाग बराच उतरला, मधला राखाडी थोडासाच. पांढऱ्या ठिपक्यांपैकी काही भरून आले, काही तसेच आहेत. ते राहतील असं मला वाटतं, आणि तसं बाईंना सांगितलंय. लग्नात मेकअपखाली काहीच दिसलं नाही. हळदीच्या दिवशी मात्र दुपारभर मांडवाबाहेर पाहुण्यांची उठबस केली आणि जूनमध्ये वांग एक छटा गडद होऊन समोर आलं.

मधल्या काळात उरलेल्या तीन सिटिंगचा निकाल लागला. सेंटरने त्या दुसऱ्या नावावर करून द्यायची तयारी दाखवली आणि जावेने काखेतले केस काढायचं ठरवलं. काख ही लेसरसाठी सर्वांत सोयीची जागा: केस राठ, काळे, ऊन नाही, वांग नाही. जावेला मी तीन प्रश्न लिहून दिले. मशीनची तरंगलांबी किती? हँडपीस कोण धरणार आणि त्या वेळी डॉक्टर जागेवर असतील का? चाचणी शॉट देऊन थांबणार का? पहिल्याचं उत्तर "इंपोर्टेड आहे" असं आलं. तिने सिटिंग घेतल्या नाहीत. बऱ्याच पत्रव्यवहारानंतर काही पैसे परत मिळाले.

सध्या ट्रॅनेक्झॅमिक बंद आहे. अझेलाइक अॅसिड आणि छटेचं सनस्क्रीन चालू, स्पायरोनोलॅक्टोनसोबत रक्तदाब आणि पोटॅशियम तपासणी चालू, साखर मधुमेहाच्या उंबरठ्याखाली आली आहे. हनुवटीची सहावी सिटिंग जूनअखेर झाली, पुढची गरज दिसेल तेव्हा, बहुधा दिवाळीनंतर. गालांवर लेसर करायचं का, हा प्रश्न बाई अजूनही दर भेटीत एकदा विचारतात. उत्तर अजून तेच आहे.